फ्रीजचं उत्तरकार्य

हातात पेचकस आला की माझा आवाज बदलतो. एरवी घरात मी चहासुद्धा अर्जाच्या भाषेत मागतो. पण पेचकस घेतला की ‘जरा बाजूला हो’ हे शब्द थेट खर्जातून निघतात. नोकरी सगळी कोकण भवनात, लेखा शाखेत झाली. तिथे मी स्वतः उघडलेली सर्वांत अवघड वस्तू म्हणजे फायलीची गाठ. तरीही आपण खरे यंत्रातले, चुकून व्हाउचरांत पडलो, अशी माझी ठाम समजूत आहे. या समजुतीला दुसऱ्या कुणाचाही दुजोरा नाही. म्हणून तर ती मलाच जपावी लागते.

त्यामुळे आमचा फ्रीज गेला तेव्हा बायकोने मोबाइलवर एक्स्चेंज ऑफर शोधायला घेतली आणि मी माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली. १६५ लिटरचा, एका दाराचा, कुलपाचा फ्रीज. नवी मुंबई महापालिका अस्तित्वात आली १ जानेवारी १९९२ ला आणि आमचा फ्रीजही त्याच वर्षी आला. बेलापूरला लोकल पोचायला अजून एक वर्ष होतं, म्हणून तो वाशीहून टेंपोत बसून आला आणि सेक्टर आठमधल्या झाडून सगळ्या शेजाऱ्यांनी त्याला हात लावून ‘गार आहे’ असं सांगितलं. तेव्हा तो सुरूही केला नव्हता.

दुकानदार जुन्या फ्रीजचे जे पैसे देत होता ते ऐकून मला अपमान वाटला. माझा नव्हे, फ्रीजचा. ‘त्यापेक्षा मीच खोलतो,’ मी म्हणालो. ‘एकेक भाग सुरक्षितपणे काढू आणि पुन्हा वापरात आणू.’ बायको म्हणाली, ‘अहो, मिक्सरचं झाकण बसवायला शेजारच्या मुलाला बोलावता तुम्ही.’ हा मुद्दा विषयाला सोडून होता.

सोसायटीच्या ग्रुपवर मी रविवारचं प्रात्यक्षिक जाहीर केलं. तीन निवृत्त गृहस्थ, सुट्टीला आलेला कुणाचा तरी नातू आणि जिन्यावरून जाताना थांबलेला वॉचमन, एवढे प्रेक्षक जमले. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया किती द्रष्टे होते हे मी प्रस्तावनेतच सांगून घेतलं. त्यांनी तिथली घरं आखताना दोन घरांत भिंत सामाईक ठेवली नाही, कारण राहणाऱ्याने पुढे आपल्या हाताने घर वाढवावं, बदलावं, शेजाऱ्याला धक्का न लावता. म्हणजे माझ्यासारख्या हौशी माणसाची सोय ऐंशीच्या दशकातच बेलापुरात झाली होती. ‘पण तुम्ही तर सिडकोच्या बिल्डिंगीत राहता,’ एक गृहस्थ म्हणाले. त्यांना नंतर चहा मिळाला नाही.

पहिली पायरी म्हणजे प्लग काढणं. फ्रीज बंद आहे आणि प्लग काढलेला आहे, यांत फरक असतो. काही फ्रीजना मागे कपॅसिटर असतो आणि तो वीज काढल्यावरही काही काळ झटका राखून ठेवतो, आमच्या एका माजी साहेबांसारखा. दुसरी पायरी बर्फ वितळू देण्याची. सुरीने खरवडायचा नाही. बर्फाच्या कप्प्याच्या पातळ पत्र्यातच गॅसच्या वाहिन्या असतात. आणि तिसरी पायरी, जी खरं तर सगळ्यांत आधी हवी, ती म्हणजे दार काढणं.

इथे नातू म्हणाला, ‘आजोबा, मी आत बसून बघू?’

मी त्याला दंडाला धरून मागे ओढला आणि आवाज खर्जाचाच लागला, पण या वेळी पेचकसामुळे नव्हे. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लपाछपी खेळताना मुलं शिरतात, दार बाहेरून बसतं आणि आतला आवाज त्या जाड भिंतींतून बाहेर येत नाही. पूर्वीच्या फ्रीजना खटक्याची मूठ असायची, ती आतून उघडायचीच नाही. अमेरिकेत असे इतके बळी गेले की १९५६ मध्ये खास कायदा करावा लागला: फ्रीजचं दार आतून ढकललं की उघडलं पाहिजे. खटका गेला आणि लोहचुंबकाचं गास्केट आलं. आपण मात्र चुंबकाच्या दारालाही कुलूप बसवून घेतलं, कारण आपल्याला चोरांपेक्षा घरच्यांचा संशय जास्त. तर जिन्याखाली, गच्चीवर, भंगाराच्या ढिगाशेजारी कुठेही दारासकट ठेवलेला फ्रीज दिसला तर माझं एवढं ऐकाच, दार काढा. बिजागरीचे स्क्रू काढायला दहा मिनिटं लागतात. मला जास्त लागली, पण दार निघालं आणि प्रेक्षकांत माझी किंमत वाढली.

मग फ्रीज फिरवून मागची बाजू पुढे घेतली. काळी जाळी, खाली कॉम्प्रेसरचं काळं पोट, आणि त्यावर पत्र्याची पट्टी. ती कपड्याने पुसली तर अक्षरं दिसली: आर-१२.

खोलण्याचं काम इथे थांबलं, कारण मला बोलायला विषय मिळाला.

आर-१२ म्हणजे ज्याला जग फ्रिऑन म्हणायचं तो वायू. त्याच्याआधी फ्रीजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड, अमोनिया असले वायू असत. गळती झाली तर माणसं झोपेतच जायची. बर्लिनमधलं एक कुटुंब असं गेल्याची बातमी वाचून खुद्द आइन्स्टाईन अस्वस्थ झाले आणि लिओ झिलार्ड या तरुण मित्राला घेऊन त्यांनी एकही हलता भाग नसलेला फ्रीज तयार करायला घेतला. त्याचं अमेरिकन पेटंट १९३० मध्ये त्यांना मिळालं. (सापेक्षतावाद सुचलेल्या माणसालाही शेवटी फ्रीज खोलून बघावासा वाटला, हे मी घरात वरचेवर सांगतो.) पण तो फ्रीज बाजारात काही आला नाही, कारण त्याच वर्षी थॉमस मिजली जिंकला.

मिजली हा माझा लाडका माणूस आहे. शिक्षणाने यांत्रिकी अभियंता, काम मात्र रसायनांत. म्हणजे तोही चुकीच्या खात्यात पडलेला. न जळणारा, विषारी नसणारा वायू शोधायचं काम त्याला दिलं आणि त्याने सहकाऱ्यांसह तो बघता बघता शोधला. १९३० मध्ये रसायनतज्ज्ञांच्या भर सभेत तो उभा राहिला, त्या वायूचा छातीभर श्वास घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विष नाही, आग नाही, दोन्ही एकाच फुंकरीत सिद्ध. असं प्रात्यक्षिक हवं! हे सांगताना मी स्वतःही छाती भरून घेतली. मेणबत्ती नव्हती म्हणून वॉचमनच्या दिशेने फुंकर मारली.

आता याच मिजलीने त्याआधी, १९२१ मध्ये, पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती काढली होती. इंजिनाची ठकठक थांबली आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या पोरांच्या रक्तात शिसं गेलं. ती एक देणगी. दुसरी ही फुंकर. त्याचा वायू कशाशीच भांडत नाही, म्हणून नष्टही होत नाही. तो सावकाश वर जातो आणि तिथल्या अतिनील किरणांत फुटून त्यातला क्लोरीन ओझोन खायला लागतो. हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये लिहिलं, १९८७ मध्ये असले वायू बंद करण्यासाठी माँट्रियलचा करार झाला आणि १९९५ मध्ये त्या दोघांना, क्रुत्झेन यांच्यासह, नोबेल मिळालं. भारत या करारात सामील झाला १९९२ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी देशाने हा वायू सोडायचं वचन दिलं त्याच वर्षी मी तो हप्त्यांवर घेतला. आर-१२ च्या जातीची रसायनं आपल्याकडे २०१० पासून बंद आहेत.

आणि मिजली? १९४० मध्ये त्याला पोलिओ झाला. पाय गेले. पण गडी स्वस्थ बसेना. त्याने पलंगाभोवती दोऱ्या आणि कप्प्या लावून स्वतःला उचलायचं यंत्र बनवलं. १९४४ मध्ये त्याच दोऱ्यांत गळा आवळून तो मेला. आपण केलेल्या यंत्रावर आपला विश्वास किती असावा, याबद्दल मी गोष्टीत कधी काही म्हणत नाही. त्या दिवशी ते बायकोने म्हटलं, पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता: ‘आणि हा तुमचा आदर्श?’

पोहे संपले तरी गॅसचा प्रश्न होताच. आर-१२ हा कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजारपट तापवणारा वायू आहे; एवढ्याशा फ्रीजमध्ये शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे नळी कापली आणि फुस्स झालं की एका झटक्यात टनभर कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्यासारखं. सर्रास असंच करतात. खरी रीत अशी की प्रशिक्षित माणसाने मशीन लावून तो गॅस सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा. नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, तो ओझोनला त्रास देत नाही, पण तो आयसोब्युटेन आहे, पेट घेतो. तिथे नळीजवळ टॉर्च नेलात तर मिजलीची मेणबत्ती उलट्या बाजूने सिद्ध होईल. एकूण, नळीला आपण हात लावायचा नाही. मी लावला नाही. मी फोन केला.

देशात इ-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, फ्रीज त्यांत आहे आणि जुन्या मालाच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर आहे. नियम वाचणं हा माझा प्रांत; मी ते कलमांसकट वाचलेत. कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या मुलीला ते बहुधा कुणी वाचून दाखवले नव्हते.

‘सर, फ्रीजमध्ये काय प्रॉब्लेम आहे?’

‘काहीच नाही. तो गेला.’

‘सर, कूलिंग होत नाही का?’

‘बाई, तो गेला. त्याला न्यायला कोण येणार?’

‘सर, मी कूलिंगची कम्प्लेंट टाकते.’

शेवटी तुर्भ्याच्या एमआयडीसीत काम करणारा एक मेकॅनिक मिळाला. गॅस ओढायचं मशीन आहे म्हणाला, हे ऐकून मी त्याला जवळजवळ मिठीच मारणार होतो. तो आला तेव्हा प्रेक्षक पुन्हा जमले होते. मी त्याला ओझोन, माँट्रियल आणि मिजली थोडक्यात सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, नळीला व्हॉल्व्ह बसवला, मीटर बघितला आणि म्हणाला, ‘काका, गॅस नाहीच यात.’

‘म्हणजे?’

‘कधीच गेलाय. ही बघा, खालची नळी गंजलीय. खाडीची हवा. म्हणून तर थंड होईना.’

टनभर कार्बन पारसिकच्या टेकडीवरून केव्हाच निघून गेला होता आणि मी इथे पृथ्वी वाचवण्याच्या पवित्र्यात उभा होतो. प्रेक्षकांतल्या त्या गृहस्थांनी, ज्यांना आदल्या रविवारी चहा मिळाला नव्हता, आकाशाकडे बघून हात जोडले.

यानंतर मेकॅनिकने जे केलं ते बघणं क्लेशदायक होतं, कारण ते फार भराभर झालं. रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट सुटे झाले. थर्मोस्टॅटची बारीक तांब्याची शेपटी त्याने न वाकवता गुंडाळली. तिच्यातही वायू असतो, ती तुटली की तो भाग कचरा. कॉम्प्रेसर चालू निघाला. नळ्यांची तोंडं दाबून बंद केली, तो उभाच ठेवला, कारण आत तेल असतं. ‘याचा हवेचा पंप होतो काका, रंगाच्या फवाऱ्याला.’ मजुरीऐवजी तोच घेऊन जातो म्हणाला. मी उदारपणे होकार दिला. त्याने माझ्या पेटीतलं एकही हत्यार वापरलं नाही.

काचेचे आणि तारेचे कप्पे, भाजीचा ट्रे, हे मी काढलं म्हणता येईल. ते नुसते ओढले की निघतात. तारेची जाळी एका शेजाऱ्याने तंदूरसाठी मागितली, ती मात्र दिली नाही. जुन्या जाळ्यांवरच्या मुलाम्यात कॅडमियम असू शकतं, विस्तवावर त्याचा धूर विषारी. पापड-कुरड्या वाळवायला, खाली कापड घालून, ती उत्तम आहे. आणि दाराचं गास्केट! त्या रबरात लांबच्या लांब लोहचुंबकाची पट्टी असते. ती कापून मी मच्छरदाणीच्या कापडाच्या कडांना शिवून घेतली (बायकोने शिवली) आणि सिडकोच्या काळातल्या लोखंडी खिडकीला ती चटकन चिकटली. बेलापूरच्या डासांसमोर सबंध सेक्टर हात टेकून बसला असताना आमच्या एका खिडकीत विज्ञान उभं आहे.

दार भिंतीला टेकवलेलं होतं. मेकॅनिक म्हणाला, ‘लॉक काढून देऊ का?’ मी खिशातून किल्ली काढली. ती माझ्याकडेच असते.

आमच्याकडे त्या कुलपाने दोन राजवटी पाहिल्या. आधी किल्ली आईच्या कनवटीला असायची आणि आंबा बर्फी आमच्या मुलांपासून सुरक्षित असायची. मग आईला मधुमेह निघाला आणि सत्तांतर झालं. आंब्याच्या दिवसांत आम्ही दोघं नोकरीला, मुलं शाळेत, घरात ती एकटी आणि फ्रीजमध्ये देवगडचा हापूस. तिचं दूध, ताक, जेवण ओट्यावर काढून ठेवायचं आणि मी फ्रीजला कुलूप लावून किल्ली कोकण भवनात घेऊन जायचो. ती खुर्चीत बसून मलाच आठवण करायची, ‘कुलूप लावलंस ना रे नीट?’ तिची साखर तरीही उतरायची नाही. मी दोन प्रयोगशाळा बदलल्या. तिसऱ्या डॉक्टरांना मी पथ्याची वही दाखवली होती, रकाने आखलेली.

मेकॅनिकने किल्ली फिरवली. खट्ट वाजलं. त्याने दार उलटं केलं, पुन्हा फिरवली. ‘काका, याला जीभच नाही.’

‘काय नाही?’

‘आतली पट्टी. जी अडकते ती. कुणीतरी काढलीय, स्क्रू परत नीट बसवलेत. सफाईचं काम आहे. किल्ली नुसती वाजते.’

मी बायकोकडे बघितलं. ती खाली बघून गास्केटचे तुकडे गोळा करत होती. ‘आईंनी काढली होती,’ ती म्हणाली. ‘तुमच्याच पेचकसाने. दुपारी दोन फोडी खायच्या, म्हणायच्या, त्याला सांगू नकोस, त्याचा जीव कुलपात आहे.’

‘आणि ती पट्टी?’

‘देव्हाऱ्याच्या खणाला काय आहे, रोज पूजा करता ते?’

खणाला कडी आहे. चपटी, चकचकीत, एका टोकाला वाकवलेली. कापूर काढताना मी ती रोज सरकवतो. आई गेली तेव्हा खण मीच आवरला होता आणि कडी चांगली बसवलीय, कुठला सुतार कोण जाणे, असंही म्हटल्याचं मला आठवतं. या घरात फ्रीजचा भाग सुरक्षितपणे काढून तो पुन्हा वापरात आणणारी पहिली व्यक्ती कोण, याचा निकाल लागला. तिने प्रेक्षक बोलावले नव्हते.

त्या दिवशी मी पुढे काही खोललं नाही.

राहिला सांगाडा. गल्लीतून ध्वनिमुद्रित आरोळी देत भंगारवाला आला, त्याने आत डोकावून विचारलं, ‘कॉम्प्रेसर कुठंय साहेब?’ तांबं त्यातच असतं. कॉम्प्रेसर नाही म्हटल्यावर म्हणाला, मग न्यायचे तुम्हीच द्या. मला पैशांचं काही नव्हतं, पण या भिंतींत पिवळा फेस भरलेला आहे आणि त्या काळच्या फेसाच्या बुडबुड्यांतही तसलाच, ओझोन खाणारा वायू कोंडलेला असतो, नळ्यांतल्यापेक्षा जास्त. फेस फोडला की तो सुटतो. जाळला तर सायनाइडचा धूर होतो. हे मी त्याला सांगायला लागलो, तर त्याने बाही वर करून कोपरापर्यंतचे डाग दाखवले. शिळफाट्याच्या गोदामात पोरवयात पत्रा सोलायला फेस जाळायचे, म्हणाला. खोकला रात्रभर. आता टेंपो आहे, ते काम दुसरी पोरं करतात. एवढं ऐकल्यावर माझं पुढचं कलम तोंडातच राहिलं. देशात तिसरं आलेलं शहर आपलं, २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात. ओला-सुका आम्ही इमानाने वेगळा करतो. आणि डोळ्यांआड गेलेली वस्तू कुणाच्या फुप्फुसातून जाते, ते विचारायला आमच्याकडे हेल्पलाइनही कूलिंगचीच आहे.

सांगाडा द्यायचा नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. फेस पत्र्याच्या आत बंद आहे तोवर निरुपद्रवी आहे. दार नाही, म्हणजे कोंडलं जायची भीती नाही. सोसायटीच्या बागेत खुरपी, कात्री, पाण्याचा पाइप ठेवायला कपाट नव्हतंच. वॉचमनला कल्पना पसंत पडली, पण सेक्रेटरी म्हणाले, ‘लेखी द्या.’

लेखी! माझे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडे माझं काम मागत होतं. मी रात्री बसून टिपणी तयार केली: विषय, संदर्भ, पार्श्वभूमी, प्रस्ताव, सोबत परिशिष्ट ‘अ’ — काढलेल्या भागांचा तक्ता, शेऱ्याच्या रकान्यासह. कमिटीने ती चर्चेविना मंजूर केली. बहुतेक कुणी वाचली नसावी, पण तो तर चांगल्या टिपणीचा गुण. सांगाडा आता पारिजातकाखाली उभा आहे. तक्त्याची एक प्रत घरच्या मंजुरीसाठी फ्रीजवर लावली, नव्या. त्यात कुठेही स्क्रू दिसत नाही, ते मी बघून घेतलं आहे.

बायकोने एकेका ओळीवर सही केली. गास्केट: ‘पाहिले, ठीक.’ तारेची जाळी: ‘ठीक.’ भाजीच्या ट्रेसमोर ‘कोथिंबीर उगवल्यास ठीक.’ कुलूप, बिगरजिभेचं: ‘राहू द्या.’ अकराव्या ओळीवर प्रकरण अडलं. ‘अंड्यांचा ट्रे, प्लास्टिक, नग १, सुस्थितीत, पुनर्वापरासाठी राखून ठेवावा,’ असं मी लिहिलं होतं. तिने पेन्सिलीने विचारलं आहे: ‘या घरात आजवर अंडं आलेलं नाही. कशाला?’

खुलासा मी सादर केला आहे. फाइल प्रलंबित आहे.